शेंगेनचे नव्वद दिवस नक्की कसे मोजायचे? (लेकीचं बाळंतपण आहे आणि तिकिटं काढून बसलोय)

पेरूची_फोड (धागाकर्ती)

मंडळी, हिशेब चुकतोय की माझं डोकं, तेवढं सांगा.

आम्ही दोघं एडिसनला, न्यू जर्सीत. पासपोर्ट अमेरिकन, ओसीआय आहे. लेक-जावई म्युनिकला नोकरीला. लेकीचं पहिलं बाळंतपण, डॉक्टरांनी तारीख दिलीय २५ जून २०२६. सुरुवातीला तिला उलट्यांचा फार त्रास झाला म्हणून आम्ही जानेवारीत धावत गेलो होतो, १० जानेवारीला उतरलो आणि २० फेब्रुवारीला परत निघालो.

आता पुन्हा जायचं म्हणून 'ह्यां'नी तिकिटं काढली: १ मेला म्युनिकला पोचायचं, २९ जुलैला परत. बोटं मोजून नव्वद दिवस. अमेरिकन पासपोर्टला शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या आपसात सीमातपासणी नसलेल्या देशांत, व्हिसा लागत नाही आणि नव्वद दिवस राहता येतं, एवढं आम्हाला माहीत होतं. पण काल लेकीने कुठल्याशा सरकारी कॅल्क्युलेटरवर तारखा टाकल्या तर ते लालभडक झालं. 'ह्यां'चं म्हणणं, दर फेरीला नव्वद मिळतात, मधे दोन महिने घरी होतो की. लेक म्हणते, बाबा, तसं नसतं. दोघांचं बोलणं बंद आहे. तिकिटं बदलायला पैसे पडणार, म्हणून आधी इथे विचारते. खरं कोणाचं?

तिरकस_तात्या

मी पयला!

अहो ताई, एवढं काय त्यात. म्युनिकहून साल्झबर्ग दीड-दोन तासांवर. नव्वद दिवस भरत आले की गाडीने ऑस्ट्रियात जायचं, शिक्का मारून घ्यायचा आणि परत यायचं. नवे नव्वद सुरू. आमच्या ओळखीतले एक जण असंच करायचे.

हिशेबनीस

तात्या, कृपा करून ही माहिती मागे घ्या, कोणीतरी खरंच करेल.

ऑस्ट्रियाही शेंगेनमध्येच आहे. शेंगेन म्हणजे आजच्या घडीला २९ देशांचं एक सलग घर. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड, लिक्टेनस्टाइन हे युरोपीय संघात नाहीत, तरी ह्या घरात आहेत. क्रोएशिया २०२३च्या जानेवारीत आला. बल्गेरिया-रोमानिया विमानाने आणि बोटीने मार्च २०२४पासून आत होते, १ जानेवारी २०२५पासून रस्त्यानेही. हॉलमधून स्वयंपाकघरात गेल्याने पाहुणा नव्याने आला असं होत नाही. साल्झबर्गच्या वाटेवर जर्मन पोलीस गाडी थांबवून पासपोर्ट बघू शकतात, पण शिक्का कोणी मारत नाही. मारायचा प्रश्नच नाही.

ताई, आता तुमचा हिशेब. लेकीचं बरोबर आहे. नियम 'दर फेरीला नव्वद' असा नाही, 'कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९०' असा आहे. आणि हे 'कुठल्याही' महत्त्वाचं आहे. जानेवारी ते जून, जुलै ते डिसेंबर असे ठरलेले सहामाही गठ्ठे नसतात. तुम्ही आत असाल त्या प्रत्येक दिवशी मागे वळून १८० दिवस मोजायचे, आजचा धरून. त्यात तुमचे आतले दिवस नव्वदच्या वर गेले की तुम्ही बेकायदा.

मी कसं करतो ते सांगतो. (मी निवृत्त बँकवाला, मुलगा आइंडहोवनला, वर्षातून दोनदा जाणं होतं, त्यामुळे हा रोजमेळ पाठ झालाय.) भिंतीवरचं कालनिर्णय काढायचं, आत असलेल्या प्रत्येक दिवसावर पेन्सिलीने फुली मारायची. मग १८० घरांएवढी लांब कागदाची पट्टी कापायची. पट्टीचं उजवं टोक आजच्या तारखेवर ठेवायचं आणि पट्टीखाली किती फुल्या येतात त्या मोजायच्या. उद्या पट्टी एक घर पुढे. उजवीकडून एक दिवस आत येतो, डावीकडून एक दिवस बाहेर पडतो. संपला नियम.

आणि पोचल्याचा दिवसही धरायचा, निघाल्याचाही. रात्री अकरा पन्नासला आत शिरलात तरी तो अख्खा दिवस गेला. बारसं बाराव्या दिवशी म्हणताना जन्माचा दिवस आपण पहिला धरतो ना, तसंच.

तुमची जानेवारीची फेरी: जानेवारीचे २२ आणि फेब्रुवारीचे २०, म्हणजे ४२. १ मेपासून पट्टी मागे टाकली की तिचं डावं टोक ३ नोव्हेंबर २०२५वर येतं, म्हणजे बेचाळीसच्या बेचाळीस फुल्या पट्टीखाली. उरले ४८. १ मेपासून अठ्ठेचाळीसावा दिवस १७ जून. १८ जूनला तुम्ही आत असाल तर तो एक्याण्णवावा.

पेरूची_फोड

१७ जून? म्हणजे बाळंतपणाच्या आठ दिवस आधी बाहेर??

अहो मग जाऊन उपयोग काय! दीड महिना नुसतं वाट बघायची आणि बाळ यायच्या वेळी आम्ही नेवार्कच्या विमानात. 'ह्यां'ना दाखवलं, ते आता कॅलेंडर घेऊन बसलेत. बोलत अजून नाहीयेत, पण पेन्सिल मागितली.

थेम्सकाठी

ताई, काळजी करू नका, ह्यातून वाट निघते. पण आधी माझी फजिती ऐका, म्हणजे 'ह्यां'ना बरं वाटेल.

आम्ही ब्रिटिश पासपोर्टवाले. २०२० संपेपर्यंत आम्हाला हे काही नव्हतं, हवं तेव्हा जा, हवं तितकं राहा. १ जानेवारी २०२१पासून आम्हीही ह्याच रांगेत. पहिल्याच वर्षी मी शहाणपणा केला आणि 'नव्वद दिवस म्हणजे तीन महिने' असं धरून १ मार्च ते ३१ मे असा मुक्काम ठोकला. मार्च ३१, एप्रिल ३०, मे ३१. बेरीज करा. ब्याण्णव! निघताना विमानतळावरच्या काचेमागच्या बाईंनी (कुठला ते सांगत नाही) पासपोर्ट चाळला, शिक्का शोधला, बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, मग फोन उचलला. वीस मिनिटं बाजूला बसवलं, दंडाची पावती फाडली, विमान थोडक्यात मिळालं. बायको शेजारी बसून एक अक्षर बोलली नाही, आणि ती शांतता दंडापेक्षा महाग पडली.

तर सांगायचं म्हणजे महिने मोजू नका. दिवस मोजा.

सिंहगड_एक्स्प्रेस

थेम्सकाठी, तुम्ही त्या बाईंना सांगायचं ना, तीन महिनेच झालेत म्हणून. माझ्या मामांच्या वेळी तर नियम तीन महिन्यांचाच होता, ते अजूनही ठासून सांगतात.

हिशेबनीस

मामा खोटं बोलत नाहीत, पण शिळं बोलतायत. पूर्वी नियमाची भाषा 'पहिल्या प्रवेशापासून सहा महिन्यांत तीन महिने' अशी होती. त्यात सहामाही संपताना शेवटचे तीन महिने आणि नवी सुरू होताना पहिले तीन, असं लागोपाठ जोडून काही लोक जवळजवळ सहा महिने आत काढायचे. १८ ऑक्टोबर २०१३पासून ती फट बुजवली आणि आजची पट्टी आली. २०१३च्या आधी फिरलेल्यांचा सल्ला म्हणूनच जपून घ्यावा.

रानजाई

@पेरूची_फोड, हिशेबनीसांनी अर्धंच सांगितलंय, गंमत पुढे आहे. मी आत्ता जेवणाच्या सुट्टीत मांडून बघितलं.

तुमच्या जानेवारीतल्या फुल्या कायमच्या नाहीत. १० जानेवारीची फुली पट्टीच्या डाव्या टोकातून कधी निसटते? ९ जुलैला. त्यानंतर रोज एक निसटत जाते, १९ ऑगस्टपर्यंत, बेचाळीसही संपतात. म्हणजे ९ जुलैपासून तुम्ही आत असाल तर रोज एक दिवस खर्च होतो आणि एक परत मिळतो. आकडा जागचा हलत नाही.

म्हणजे तुम्हाला फक्त ८ जुलैपर्यंत तग धरायचाय! हातात दिवस ४८. ८ जुलैपासून उलटे ४८ मोजले की २२ मे येते.

२२ मेला पोचलात तर: ८ जुलैला ४२ + ४८ = बरोब्बर ९०. ९ जुलैला एक जुना गळाला, एक नवा आला, ९०च. असंच १९ ऑगस्टपर्यंत. सलग नव्वद दिवस!

आणि २१ मेला पोचलात तर ८ जुलैला ९१. ओव्हरस्टे. एक दिवस लवकर गेल्याची शिक्षा म्हणजे बेचाळीस दिवस कमी. हे मी तीनदा तपासलं, मला स्वतःलाच खरं वाटेना.

२५ जूनला बाळ आलं तर १९ ऑगस्टपर्यंत जवळजवळ आठ आठवडे. सव्वा महिना होऊन वर सोळा-सतरा दिवस उरतात.

हिशेबनीस

रानजाई, शाब्बास. मी पण आत्ता पट्टी सरकवून पाहिली. बरोबर आहे. मी १ मे धरूनच बसलो होतो.

पेरूची_फोड

रानजाई, तुझ्या तोंडात साखर पडो गं!! लेकीने पण कॅल्क्युलेटरवर टाकून बघितलं, २२ मे ते १९ ऑगस्ट हिरवं. 'हे' आत्ता पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "मग मी बेरीज बरोबरच केली होती, फक्त महिना चुकला."

तिरकस_तात्या

साल्झबर्गचं मागे घेतो. पण मोझार्टचं घर आहे तिथे, तसंही जाऊन या.

पण एक शंका. एवढं काटेकोर कोण मोजतं? माझ्या पासपोर्टवरचे निम्मे शिक्के मलाच वाचता येत नाहीत. एक तर उलटा मारलाय.

डबेवाला_डसेलडॉर्फ

तात्या, शिक्क्यांचे दिवस गेले. १२ ऑक्टोबर २०२५पासून ईईएस नावाची प्रणाली टप्प्याटप्प्याने सुरू झालीय, १० एप्रिल २०२६पर्यंत सगळ्या बाह्य सीमांवर लागू व्हायची आहे. पहिल्यांदा जाल तेव्हा चेहऱ्याचा फोटो आणि चार बोटांचे ठसे घेतात (बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो घेतात). मग आत आलात ती तारीख आणि बाहेर गेलात ती तारीख संगणकात. बेरीज तोच करतो. काचेमागच्या माणसाला बोटं मोजावी लागत नाहीत, नव्वद उलटले की नाव आपोआप ओव्हरस्टेच्या यादीत. नोंदी तीन वर्षं राहतात आणि बाहेर पडल्याची नोंदच नसेल तर पाच.

ह्यातली शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. बाहेर पडताना कुठल्या कारणाने नोंद झाली नाही, तर कागदोपत्री तुम्ही अजून आतच आहात. मग तुम्ही बाहेर होता हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. विमानाचा बोर्डिंग पास, शेंगेनबाहेरच्या देशात उतरल्याचा पुरावा, घरच्या दुकानात कार्ड वापरल्याची नोंद, काहीही चालतं, पण जवळ हवं. मी बोर्डिंग पासचा फोटो काढून ठेवतो. बायको हसते, हसू दे.

आणि ताई, नव्वद उलटले तर काय होतं ते देशागणिक वेगळं असतं. कुठे दंड, कुठे ताकीद, कुठे प्रवेशबंदी. बंदी आली तर ती एका देशापुरती नसते, सगळ्या शेंगेनला लागते. त्यामुळे 'माझ्या मेव्हण्याला काही झालं नाही' ह्याला अर्थ नाही.

मडगांवकर

मजा आली वाचून. आमच्या घरात ह्या नियमाचे तीन तुकडे आहेत म्हणून लिहितो.

माझे वडील १९६१च्या आधी गोव्यात जन्मले, म्हणजे पोर्तुगीज अमलात. लिस्बनला त्यांची जन्मनोंद झाली आणि त्यांच्यामागून धाकट्या भावाची. धाकट्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, भारतीय सोडला. तो आता युरोपीय संघाचा नागरिक, त्याला नव्वद-बिव्वद काही नाही, त्याने पट्टी सरकवायची गरज नाही. मी भारतीयच राहिलो, मला व्हिसा लागतो. आणि एक चुलतभाऊ स्विंडनला, तो पोर्तुगीज पासपोर्टवर गेला होता आणि नंतर ब्रिटिशही झाला. दोन्ही पासपोर्ट आहेत त्याच्याकडे. फ्रान्सला जाताना चुकून ब्रिटिश दाखवला तर तो पाहुणा, पोर्तुगीज दाखवला तर घरचा. माणूस तोच, दात तेच.

त्यामुळे इथे कोणाकडे दोन पासपोर्ट असतील आणि एक युरोपीय असेल तर आत जाताना-येताना तोच दाखवा. एका पासपोर्टवर आत आणि दुसऱ्यावर बाहेर असं करू नका, घोळ होईल.

सातारची_सून

धाग्याचा विषय बिनव्हिसावाल्यांचा आहे, पण ताईंच्या विहीणबाईही येणार असतील ना? त्या भारतातून येत असतील तर त्यांचं गणित आणखी एका पायरीचं आहे, म्हणून लिहिते. माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही इथेच आपटलो होतो.

भारतीय पासपोर्टवर व्हिसाच्या चिकटपट्टीवर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात. एक, व्हिसा कधीपासून कधीपर्यंत चालतो. दोन, त्यात किती दिवस राहता येईल. सासूबाईंचा व्हिसा १० मे ते १५ जुलै असा होता, दिवस मात्र ४५. आम्ही वरच्या तारखाच बघितल्या. नशीब, तिकीट बदलता आलं.

दोन-दोन, पाच-पाच वर्षांचा व्हिसा मिळाला तरी त्यात नव्वद-एकशेऐंशीचाच नियम लागतो, पाच वर्षं राहता येत नाही. (आता असे लांबचे व्हिसे भारतीयांना जास्त मिळतात. एप्रिल २०२४मध्ये भारतासाठी वेगळा नियम आला: मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा, त्यानंतर पाच वर्षांचा, पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर. पहिल्या दोन वेळी मात्र नीट वागावं लागतं.)

पेरूची_फोड

अगं हो, विहीणबाई साताऱ्याच्याच! त्यांचा व्हिसा अजून व्हायचाय. त्यांना हे पाठवते. आमचं ठरलंय की आधी मी, मग त्या, म्हणजे लेकीला नोव्हेंबरपर्यंत कोणीतरी. पण आता मला दिवाळीचाही मोह होतोय. बाळाची पहिली दिवाळी. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. ऑगस्टात परतलो तर नोव्हेंबरात जाता येईल?

रानजाई

ताई, नाही हो. समजा तुम्ही दोन-तीन दिवस हाताशी राखून २४ मे ते १८ ऑगस्ट गेलात. ते झाले ८७. ८ नोव्हेंबरला पट्टीखाली ते सगळे ८७ असतील. शिल्लक तीन. वसुबारसेला उतरलात तर नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाआधी परतीची बॅग भरायची.

१९ ऑगस्टपासून १६ नोव्हेंबरपर्यंत बाहेरचे सलग नव्वद दिवस होतात. सलग नव्वद बाहेर काढले की पाटी कोरी झाल्यासारखीच असते. म्हणजे १७ नोव्हेंबरला गेलात तर पुन्हा पूर्ण नव्वद, १४ फेब्रुवारीपर्यंत. तुळशीचं लग्न मिळेल त्या सुमारास, संक्रांतीला बाळाचं बोरन्हाण नक्की.

पेरूची_फोड

बोरन्हाण चालेल. दिवाळीला विहीणबाईच बऱ्या, त्यांच्या चकल्या माझ्यापेक्षा चांगल्या होतात (हे त्या वाचणार नाहीत अशी आशा).

नाशिकचा_बाबू

जर्मनीत असताना मुदत वाढवून नाही का मिळत? आमच्या ऑफिसातला अमेरिकन तिथे जाऊन मग परवाना काढून राहिला.

डबेवाला_डसेलडॉर्फ

मिळतं, पण ते वेगळं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, दक्षिण कोरिया, इस्रायल, ह्या देशांच्या नागरिकांना जर्मनीत बिनव्हिसा उतरून नंतर तिथेच राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. बाकी बहुतेकांना आधी आपल्या देशातून व्हिसा आणावा लागतो. पण परवान्याला कारण लागतं: नोकरी, शिक्षण, नवरा-बायको. 'नातवाला न्हाऊ-माखू घालायचंय' हा रकाना जर्मन अर्जात नाही, मी शोधलाय.

एक अपवाद आहे, तो कोणावर येऊ नये. आत असताना इस्पितळात दाखल व्हावं लागलं, विमानं बंद पडली, असं काही खरंच हाताबाहेरचं घडलं, तर दिवस संपायच्या आधी तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात कागद घेऊन जायचं. आधी, हे महत्त्वाचं. एक्याण्णवाव्या दिवशी विमानतळावर डॉक्टरची चिठ्ठी काढणाऱ्याला फार कोणी ऐकत नाही.

आणि ताईंची लेक तिथे राहण्याच्या परवान्यावर आहे, तिचे जर्मनीतले दिवस ह्यात मोजत नाहीत. ती बाकी शेंगेन देशांत हिंडेल तेव्हा तिथे नव्वद लागतात. हे कधीकधी लोक उलटं समजतात.

अश्दोदची_मावशी

शालोम आणि नमस्कार. आम्ही बेने इस्रायल, माझा जन्म पनवेलचा, लहानपणी इकडे आलो. मराठी लिहायला चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या इस्रायली पासपोर्टलाही व्हिसा लागत नाही. इथून लोक सारखे सायप्रसला जातात, विमानाने तासभराचं अंतर. सायप्रस युरोपीय संघात आहे पण शेंगेनमध्ये अजून नाही, म्हणून तिथले दिवस ग्रीसच्या दिवसांत मोजत नाहीत. आयर्लंडचंही तसंच, त्यांचा हिशेब त्यांचा वेगळा. माझी भाची ग्रीसमध्ये साठ दिवस, मग सायप्रसमध्ये वीस, मग परत ग्रीसला गेली. तिला वाटलं मधे बाहेर पडल्याने साठ पुसले गेले. पुसले नव्हते. फक्त ते वीस वाढले नव्हते. बाहेर गेल्याने मोजणी थांबते, मागे जात नाही. हे तिला समजवायला मला एक पूर्ण शब्बाथ लागला.

थेम्सकाठी

मावशी, किती छान मराठी तुमचं! आणि शेवटचं वाक्य कोरून ठेवावं असं.

ताई, ह्याच कारणाने तुम्हाला १ मेची तिकिटं अगदीच बदलता येत नसतील तर दुसरी वाट: १७ जूनला निघून आमच्याकडे लंडनला या, ९ जुलैला परत म्युनिक. इंग्लंडचे दिवस ह्यात नाहीत, अमेरिकन पासपोर्टवर पाहुणे म्हणून सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. फक्त आधी ईटीए (प्रवासाची आगाऊ परवानगी) काढावं लागतं, ऑनलाइन होतं. अर्थात २५ जून चुकणार, म्हणून हा सल्ला कच्चाच आहे. बाकी खोली रिकामी आहे.

पेरूची_फोड

निमंत्रणाबद्दल आभार, पण २५ जून चुकवून लंडन बघितलं तर लेक आयुष्यभर ऐकवेल.

तिकिटं बदलायचं ठरलं. आता बारीक प्रश्न: २३ मेला संध्याकाळी नेवार्कहून निघून २४ला पोचतो. कुठली तारीख धरायची? आणि येताना एक तिकीट अॅमस्टरडॅमहून आहे, एक लंडनहून, लंडनचं स्वस्त.

हिशेबनीस

पासपोर्ट तपासून आत सोडतात ती तारीख. विमान कधी सुटलं ह्याच्याशी संबंध नाही. म्हणून २४.

जाताना-येताना शेंगेनमधला थांबा असेल तर पासपोर्ट त्या थांब्यावर बघतात. अॅमस्टरडॅममार्गे परतलात तर म्युनिक ते अॅमस्टरडॅम घरातल्या घरात, बाहेर पडल्याची नोंद अॅमस्टरडॅमला. म्युनिकहून रात्रीचं विमान आणि अॅमस्टरडॅमहून सकाळचं असलं तर एक दिवस वाढला! लंडनमार्गे असेल तर म्युनिकलाच बाहेर. काठावरचा हिशेब असेल तेव्हा हे बघावं लागतं. तुम्ही १८ ऑगस्टला निघताय, त्या दिवशी पट्टीखाली ८८ होतात, दोन दिवस हाताशी आहेत. विमान रद्द झालं, संप झाला (तिकडे उन्हाळ्यात होतात), तरी निभेल. मी नेहमी दोन-तीन दिवस राखतो. बँकेत असताना पण रोकड शेवटच्या रुपयापर्यंत वाटत नव्हतो.

पासपोर्टही बघून घ्या. शेंगेनमधून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि आत जाताना काढल्याला दहा वर्षांच्या आतला हवा.

सिंहगड_एक्स्प्रेस

ते एटियास की काय म्हणतात ते लागणार का ताईंना?

डबेवाला_डसेलडॉर्फ

मे महिन्यात नाही. ते २०२६च्या शेवटच्या तिमाहीत सुरू करायचं जाहीर झालंय. बिनव्हिसावाल्यांनी निघण्याआधी ऑनलाइन परवानगी काढायची, फी २० युरो, अठराखालच्यांना आणि सत्तरीवरच्यांना माफ. तीन वर्षं चालते, पासपोर्ट आधी संपला तर तिथपर्यंत. नोव्हेंबरच्या फेरीच्या वेळी बघा. आणि ते मिळालं म्हणून नव्वदचे शंभर होत नाहीत. आत्तापासूनच त्याच्या नावाने पैसे उकळणाऱ्या वेबसाइटी निघाल्यात, त्यांच्या नादी लागू नका.

पेरूची_फोड

झालं! तिकिटं बदलली. २४ मे ते १८ ऑगस्ट, लंडनमार्गे. भुर्दंड बसला, पण 'ह्यां'नी तो आपल्या खिशातून भरला आणि कालनिर्णयवर स्वतः फुल्या मारल्या. पट्टीही कापलीय, फ्रिजला चुंबकाने लावलीय. येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगतायत, जणू नियम ह्यांनीच केलाय.

एकच राहिलं. लेकीला डिंकाचे लाडू हवेत, माझ्या हातचे. घरून करून नेले तर चालतात का हो विमानतळावर?

सातारची_सून

ताई, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. लाडवात तूप आहे, अधिकाऱ्याला समजावत बसाल.

तिरकस_तात्या

नियम तर नव्वदचा पाळलात, आता लाडवावरून पकडले जाऊ नका.

पेरूची_फोड

मग डिंक तेवढा नेते. तूप तिथलं, हात माझा.